कुंभारणीचं घर

होळी झाली की आजी घर अंगणात काढायची. इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा. नागपुरातल्या आमच्या विणकरांच्या वस्तीत सगळी घरं मातीची. मागाच्या खड्ड्यातून वर्षभराचा सुताचा कचरा निघायचा आणि चिमणीच्या काजळीने काळवंडलेल्या भिंतींवर आजी पांढऱ्या मातीचा पोतारा फिरवायची. पाडव्याआधी घरात कचऱ्याचा कण दिसलेला तिला खपत नसे.

फक्त कोनाड्यावरची लिंबाएवढी मातीची गाठ ती सोडायची. दरवर्षी तिथेच कुठेतरी नवी गाठ असायचीच.

"हे काहून नाही पाडत वं आजी?"

"कुंभारणीचं घर आहे ते. कुंभारीण घरात आली का पाळणा हालते."

कुंभारीण म्हणजे बारीक कमरेची माशी, हे मला माहीत होतं. पाळणा काकूचा, हेही कळत होतं; तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. पण आत असतं काय, ते कोणी सांगेना. मी नऊ वर्षांची. एका दुपारी दोघी अंगणात असताना पाटावर चढले आणि चमच्याच्या दांड्याने गाठ फोडली.

हिरव्या अळ्या खाली पडल्या. मी किंचाळले. दोघी धावत आल्या. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मी डोळे मिटले, पण आजी उकिडवी बसून झाडूच्या काडीने अळ्या हलवत होती.

"जित्या आहेत, पण पळत नाहीत. अन् हे पांढरं पाहा, हे त्याइले खाऊन राहिलं. हे पिल्लू. माय याच्यासाठी शिदोरी ठेवून गेली."

काकू वाकून पाहत राहिली.

"म्हणजे सहा वर्सं मी या अळ्याइले नमस्कार करत होती?"

आणि ती मोठ्याने हसली. सासूसमोर तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

आजी हसली नाही. "मीच तुले नादी लावलं, पोरी," म्हणाली आणि पोताऱ्याचं फडकं तिच्या हातात दिलं. काकूने ती जागा स्वतः सारवली.

काकूला पुढेही मूल झालं नाही. पाळण्याचा विषय मात्र आजीने पुन्हा काढला नाही. आणि त्या वर्षापासून झाडता झाडता ती मध्येच थांबू लागली. उंबऱ्यावरून मुंग्यांची रांग निघाली की मला हाक मारायची, "ये वं, पाह्य तं, कुठं चालल्या ह्या?"