रविवारी गिरणी बंद

ओतूरचे आमचे गिरणीवाले कुणाशीही ओरडूनच बोलतात; सगळा जन्म चक्कीच्या आवाजात गेलाय. पिठाच्याच हातानं घाम पुसतात, म्हणून कपाळ कायम पांढरं. मुलगा सैन्याच्या अकादमीत दाखल झाल्यापासून रविवारी त्याच्या फोनच्या वेळेला ते गिरणी बंद ठेवतात. आम्ही दळणाचे डबे घेऊन गुमान बसतो.

परवा त्या शांततेत मुलाचं रडणं आम्हालाही ऐकू आलं. "आप्पा, मला न्हाई जमत. घरी येऊ का?"

"आरं, गिरणी चालू हाय, कायबी ऐकू येत न्हाई!" गिरणीवाले ओरडले. "नीट जेवत जा!"

फोन ठेवून त्यांनी खरोखरच गिरणी चालू केली. रिकामी फिरवली की दगड खराब होतात, हे त्यांचंच रोजचं बोलणं. पण धान्य टाका म्हणायचा धीर आमच्यातल्या कुणालाच झाला नाही.