वहिनीने घासलेला पंख

आमच्या वहिनीला घरात सगळे ‘बत्तिशी’ म्हणतात, कारण ती कवळ्या करते. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे येतात आणि वहिनी जिन्याखालच्या लॅबमध्ये बसून त्यांचे दात घडवते. हात असा, की दात खोटे आहेत हे फक्त घालणाऱ्याला आणि तिला माहीत. आणि तोंड असं, की काही विचारू नका. मी तिची सख्खी नणंद, तेव्हा तिच्यात खोट काढायचा पहिला मान माझा. पण कामात म्हणाल तर मला आजवर एकदाच काही सापडलं, तेही अप्पांच्या विमानापायी.

अप्पा म्हणजे माझे वडील, तिचे सासरे. यंत्रांचे सुटे भाग तपासण्यात त्यांचा उभा जन्म गेला. मापाच्या पट्टीआधी त्यांचं बोट बोलायचं. जुन्या दुपंखी लढाऊ विमानांचं त्यांना भारी वेड. त्यातल्याच एका विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचं खोकं, निवृत्तीनंतर निवांत जोडू म्हणून, त्यांनी कपाटात जपून ठेवलं होतं. निवृत्ती आली आणि पाठोपाठ डोळे गेले. आता उजेड-अंधार तेवढा कळतो.

“चणे आहेत तर दात नाहीत,” एके दिवशी ते म्हणाले. “देऊन टाका ते खोकं कुणाला तरी.”

“कुणाला नाही द्यायचं,” वहिनी म्हणाली. “मी जोडते. तुम्ही हाताने बघा.”

“अगं, कवळी नव्हे ती!”

“वर एक, खाली एक, दोन्ही नीट जुळायला हवेत. कवळीच की!”

अप्पांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण ते नाही म्हणाले नाहीत. मी त्यांचा चेहरा बघत होते. या माणसाने स्वतःसाठी हौस म्हणून आणलेली ती एकच वस्तू, आणि तसलं खोकं आता बाजारात मिळत नव्हतं. बिघडलं तर कायमचंच बिघडणार होतं.

वहिनीने जेवणाचं टेबल बळकावलं. सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, तिच्यातून वरचा अख्खा पंख कापून काढला आणि हाताच्या सवयीने त्यावरचं सगळं उंचसखल घासून गुळगुळीत केलं. कवळीवर कण राहिला तरी हिरडीला फोड येतो, त्यामुळे खरखरीत काही दिसलं की तिला राहवत नाही. शहाणी मी शेजारीच बसले होते. “वा, कसा लोण्यासारखा झालाय!” असं वर म्हणालेसुद्धा.

तेवढ्यात आतून अप्पांची हाक आली. “बरगड्या नीट आल्यात ना गं? त्या विमानांचे पंख म्हणजे लाकडाच्या बरगड्या नि वर ताणलेलं कापड. त्या बोटाला लागल्या की मला विमान दिसेल.”

वहिनीच्या हातातला पॉलिशपेपर थांबला. टेबलावर पांढरी भुकटी पडली होती, आणि सगळ्या बरगड्या त्या भुकटीत होत्या.

“बघते,” ती म्हणाली. एका शब्दात उत्तर द्यायची तिची ही पहिलीच वेळ असावी. मला वाटलं, आता ही रडणार. ती कसली रडते! भुकटी पुसून माझ्याकडे वळून म्हणाली, “एक दात पडला म्हणून कुणी जबडा फेकत नाही.”

खालचे पंख, डावा आणि उजवा, अजून शाबूत होते. ते डबीत घालून तिने लॅबमध्ये नेले आणि त्यांचे साचे घेतले. साच्यात मेण ओतून वरच्या पंखाचे दोन भाग केले, मधला तुकडा हाताने कोरून जोडला. मेणावर बरगड्या जरा दबलेल्या उतरल्या होत्या, त्या बारीक सुरीने एकेक उठवल्या. मग त्या मेणावरून कवळीच्या प्लास्टिकमध्ये अख्खा पंख पाडला. निघाला तो हिरडीसारखा गुलाबी! मी पोट धरून हसले.

“हस हस. रंगाखाली सगळे सारखेच,” ती म्हणाली.

वरचा पंख बसवायला तिने लॅबमधली बिजागरीची चौकट घेतली, वरचा-खालचा जबडा धरून ठेवतात ती. खोक्यावरच्या चित्रात वरचा पंख खालच्याच्या थोडा पुढे दाखवला होता. “वरचे दात पुढेच असतात,” म्हणत तिने तो तसा बसवला. दोन पंखांमधल्या खांबांचा गोंद वाळेपर्यंत विमान त्या चौकटीत आ वासून पडलं होतं.

“अप्पांना आधीच सांगून टाक,” मी म्हटलं. “त्यांच्या बोटापासून काही लपायचं नाही.”

“लपवतंय कोण? कवळी बसली की नाही हे तोंडाला विचारायचं. लॅबने मधे बोलायचं नसतं.”

रंग वाळल्यावर तिने विमान अप्पांच्या हातात दिलं. अप्पांची बोटं नाकावरच्या पंख्यावरून निघाली, इंजिनावरून बसायच्या जागेत उतरली, तारा म्हणून ताणलेल्या दोऱ्यांना हलकेच लागली. ओठ आपोआप हलत होते. मग बोटं वरच्या पंखावर आली आणि थांबली.

“हा खोक्यातला नाही,” अप्पा म्हणाले.

“नाही,” वहिनी म्हणाली. “तो मी घासून वाया घालवला. हा मी केलाय.”

अप्पांनी खालच्या पंखावरून बोट फिरवलं. पुन्हा वरच्यावरून, पुन्हा खालच्यावरून.

“खालचे काढ,” ते म्हणाले.

“का? काय चुकलं त्यात?” मी मधे तोंड घातलं.

“बोथट आहेत त्यांच्या बरगड्या.” त्यांनी वहिनीच्या दिशेला मान वळवली. “तेही तुझ्याच हातचे बसव.”

“मग द्या इकडे,” वहिनी म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

पण अप्पा विमान सोडायला तयार नव्हते.