लाल स्टिकरची पुस्तकं

आधी कबूल करा की हसणार नाही. नाही, नुसती मान हलवू नका, तोंडाने म्हणा! कारण ही गोष्ट आठवली की माझं डोकं आजही तापतं, आणि कोणावर तापावं तेच कळत नाही. घ्या, चहा घ्या, सांगतो.

मी घोडके. चाकणला एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. बावीस वर्षं एकच काम. पीस हातात घ्यायचा, मापाचं गेज लावायचं, बसला तर पुढे पाठवायचा, नाही बसला तर लाल स्टिकर. लाल स्टिकर लागला की पीस लाल पेटीत. पेटी भरली की भंगारात. विषय संपला! माझी बायको म्हणते, ह्यांच्यासमोर लाल टिकली लावायचीसुद्धा भीती वाटते.

लोक मला तापट म्हणतात. आता तुम्हीच सांगा, बावीस वर्षं रोज आठ तास दुसऱ्यांच्या चुका शोधणारा माणूस गोड बोलेल कशाला?

आमच्या ह्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. सगळं जग रविवारी लोळतं, आम्ही कंपनीवाले गुरुवारी. बायको शाळेत शिकवायला, पोरं कॉलेजला, घरात मी आणि पंखा. म्हणून गुरुवारी सकाळी मी काळेवाडीतलं आमचं सार्वजनिक ग्रंथालय गाठतो. वर एक हॉल, त्यात पुस्तकं. खाली मोकळी पडवी. मधे अरुंद जिना. एवढंच. पण राव, तिथे बसलं की बरं वाटतं.

तिथे आमचा कट्टा आहे. एक इरफान, आमच्याच कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो, मूळचा परभणीचा. भुताच्या गोष्टी सोडून काही वाचत नाही. दुसरे किसनआबा, इथले जुने गाववाले. त्यांच्या शेतावर आता तीन कंपन्या उभ्या आहेत. आबा फक्त जाडजूड पुस्तकं नेतात. बारीक पुस्तक दिलं की चिडतात, "बूड टेकतंय न टेकतंय तवर संपतंय की ह्ये!"

आणि मग पुस्तकांवर बोलणं सुरू होतं. बोलणं कसलं, भांडणच.

"आबा, त्या कादंबरीतला थोरला भाऊ घर सोडून गेला, ते बरोबर केलं ना त्याने?"

"काय बरुबर? आय आजारी, म्हस गाभण, आन ह्यो निघाला शिकाया! मी आस्तो तर मुस्काट फोडलं आस्तं."

"अहो आबा, गोष्ट आहे ती."

"म्हणून तर वाचला त्यो!"

कंपनीत बावीस वर्षांत मला एकाने विचारलं नाही की घोडके, तुम्हाला काय वाटतं. इथे विचारतात. माझं उत्तर आवडलं नाही तर ओरडतात, पण विचारतात. हा गुरुवार म्हणजे माझा जीव आहे, हे तुम्हाला कळलं ना? मग पुढचं कळेल.

एका गुरुवारी सावंत मॅडम आमच्या टेबलापाशी आल्या. सावंत मॅडम म्हणजे आमच्या ग्रंथपाल. कणकवलीकडच्या, बारीक अंगाच्या, आवाज मात्र खणखणीत.

"घोडके, पुढच्या गुरुवारी वरच्या ऑफिसातून साहेब येतायत. गुरुवारी इथे वाचक येतात का ते बघणार. नाही दिसले तर गुरुवारी ग्रंथालय बंद ठेवणार."

गुरुवारी बंद! माझी अशी सटकली म्हणून सांगू! मॅडम पुढे अजून बरंच काही सांगत होत्या, मी "हो, हो" म्हणत होतो, पण डोक्यात घण वाजत होते. आम्ही काय रविवारी ड्युटी सोडून वाचायला यायचं? कोण हा साहेब? ह्याने कधी जन्मात पुस्तक उघडलंय का?

त्यानंतरच्या मंगळवारी फर्स्ट शिफ्ट सुटली, बसमधून उतरलो आणि पुस्तक परत करायला गेलो. जिना चढून वर गेलो आणि दारातच थबकलो.

जिन्यापाशी तीन पेट्या. प्लास्टिकच्या. त्यात पुस्तकं. आणि प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर, काय असेल? लाल स्टिकर! गोल, चकचकीत, अगदी आमच्या कंपनीत असतो तस्सा!

वाकून बघितलं. सगळ्यात वर माझी विहिरीवरची कादंबरी, जी मी सहा वेळा नेलीय. तिच्याखाली इरफानची भुतं. त्यांच्याखाली आबांचं ते उशीएवढं पुस्तक. कोपरे दुमडलेले, पाठी सैल झालेल्या. म्हणजे जुनी झाली म्हणून रिजेक्ट? अरे, वाचून वाचून जुनी झालीत ती!

तेवढ्यात आतून मॅडमचा आवाज. फोनवर बोलत होत्या. "हो, हो, लाल खुणेची सगळी गुरुवारी सकाळी खाली न्यायची. एकही वर ठेवायचं नाही."

झालं! तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब यायच्या आत कपाटं रिकामी करायची, मग म्हणायचं पुस्तकंच नाहीत, मग गुरुवार कशाला! आणि हे सगळं आमच्या सावंत मॅडमनी करायचं? ज्यांना मी दर संक्रांतीला तिळगूळ देतो त्या मॅडमनी?

तुम्ही म्हणाल, घोडके, आत जाऊन विचारायचं ना सरळ. विचारायचं? पीसला कोणी विचारतं का, बाबा तू रिजेक्ट आहेस का? लाल म्हणजे लाल! मी काउंटरवरून एक कागद ओढला, बाहेर पायरीवर बसलो आणि रागारागाने निवेदन लिहून काढलं. "आम्ही खाली सह्या करणारे कामगार वाचक, ग्रंथालयातील चांगली पुस्तके भंगारात काढण्याच्या कारस्थानाचा तीव्र निषेध करतो." कारस्थान हा शब्द दोनदा गिरवला.

बुधवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये उभं राहून भाषण ठोकलं. चिखलीपासून तळवड्यापर्यंत मी बोलतोय, बोलतोय. मागच्या सीटवर झोपलेले उठले. कागद सगळ्यांच्या हातांतून फिरला. एक्केचाळीस सह्या! त्यातल्या तिघांना ग्रंथालय कुठे आहे ते माहीत नव्हतं, पण भावनेच्या भरात त्यांनीही सही ठोकली.

इरफान म्हणाला, "भाऊ, नुसत्या कागदाने काय होतंय? टेम्पो आला की पेट्या उचलून नेतील ना राव."

"मग?"

"पेटीवर बसायचं."

मी त्याला मिठी मारली. भुतं वाचूनसुद्धा माणसाचं डोकं चालतं, हे मला त्या दिवशी पटलं.

गुरुवारी सकाळी साडेनऊला आम्ही वीसेक जण जिन्यापाशी हजर. किसनआबांना मी आदल्या दिवशीच सगळं सांगून तापवून ठेवलं होतं. आबा आले, धोतर सावरलं, मधल्या पेटीवर बसले आणि काठी आडवी धरली.

"आदी मला उचला, मग पेटी उचला. माझी जिमीन गेली तवा मी गप ऱ्हायलो. आता न्हाई ऱ्हाणार!"

टाळ्या पडल्या. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं.

सावंत मॅडम आतून बाहेर आल्या. नवी साडी, केसात गजरा, हातात टेबलावर घालायची चादर. आम्हाला बघून चमकल्या.

"काय ओ घोडके, हे काय? आबा, उठा आधी. ती पुस्तकं..."

"पुस्तकं जागची हलणार नाहीत!" मी गरजलो.

"अहो, पण ऐकून तर..."

"बावीस वर्षं लाल स्टिकर लावतोय मी, मॅडम! मला शिकवू नका लाल म्हणजे काय ते!"

"घोडके, तुम्ही जरा..."

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती! गजरा घालून पुस्तकं भंगारात काढताय?"

बाईंनी तीन वेळा तोंड उघडलं, तिन्ही वेळा मी बंद केलं. आज विचार केला की माझाच मला राग येतो. पण त्या वेळी मी असा काही पेटलो होतो की विचारू नका.

तेवढ्यात गर्दीतून एक माणूस वर आला. सावळा, पन्नाशीचा, काखेत फाइल. चप्पल झिजलेली. पेट्यांकडे वाकून वाकून बघायला लागला. एक पुस्तक हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं.

मी म्हटलं, सापडला! भंगारवाला!

"ए, ठेव ते! वजनकाटा कुठे ठेवलास?"

"कसला काटा?" तो गोंधळला.

"कसला काय कसला? इथून रद्दीचं एक पान हलणार नाही. चल, निघ!"

मॅडमचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. त्या भिंतीला टेकून हळूच म्हणाल्या, "घोडके... हे साहेब आहेत."

आबांची काठी हातातून सुटली, तिचा आवाज तेवढा झाला. इरफान आबांच्या मागे लपला. भुतं वाचणारा माणूस, बघा!

पण मी माघार घेणारा आहे का? म्हटलं, साहेब तर साहेब! उलट बरंच झालं. खिशातून निवेदन काढलं आणि त्यांच्या हातात ठेवलं.

"वाचा साहेब. एक्केचाळीस सह्या आहेत. हे आमच्या मनातलं आहे."

साहेबांनी चष्मा लावला. अख्खं निवेदन वाचलं. मग कागद उलटा केला. आणि मागची बाजू वाचायला लागले. मला वाटलं, कोऱ्या कागदात हा माणूस काय वाचतोय?

कोरा कसला? कंपनीत आम्हाला सवयच लावलीय, एका बाजूने छापलेला कागद फेकायचा नाही, पाठकोरा वापरायचा. मी काउंटरवरून ओढला तो पाठकोराच होता. मागे काय छापलंय ते मात्र बघितलं नव्हतं. ते आता साहेब सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवत होते.

"गुरुवारी सकाळी दहा वाजता, ग्रंथालयाच्या पडवीत, वाचकांच्या लाडक्या पुस्तकांचा मेळावा. सगळ्यात जास्त वेळा घरी नेलेल्या पुस्तकांवर लाल खूण केली आहे. ती खाली मांडली जातील. सर्वांनी यावे आणि आपल्या आवडत्या पुस्तकाबद्दल बोलावे. पहिले वक्ते..."

साहेब थांबले. चष्म्यावरून बघितलं. "घोडके कोण?"

जमिनीने मला पोटात घ्यायला हवं होतं, पण आमच्याकडे सगळीकडे काँक्रीट.

मॅडम आता सावरल्या होत्या. आणि त्या अशा भडकल्या की बाप रे!

"तुम्हाला विचारून नाव घातलंय! बोलाल का विचारलं तर हो हो म्हणालात! महिनाभर मी साहेबांच्या मागे लागलेय, एकदा या, आमचे कामगार कसे वाचतात ते बघा! पाच दिवस हे कागद काउंटरवर पडलेत, जिन्यात चिकटवलाय, तुमच्या पाठीमागे बघा, आत्ता तुम्ही टेकून उभे आहात ना, त्याच्यावर!"

मी वळून बघितलं. होता. अगदी डोळ्यांच्या उंचीवर.

साहेबांनी सह्यांवरून बोट फिरवलं. "एक्केचाळीस जण. एकानेही कागद उलटून बघितला नाही?"

इरफान पुढे आला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "साहेब, घोडके भाऊ क्वालिटीत आहेत. आम्हाला वाटलं, चेक करूनच आणला असेल."

त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

मग काय? पेट्या उचलून खाली नेल्या, पडवीत आम्हीच टेबलं मांडली, मॅडमनी चादर अंथरली. माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही. पहिल्या वक्त्याच्या तोंडून शब्द फुटेना. विहिरीवरची कादंबरी हातात धरून नुसता उभा. शेवटी आबा उठले, बसून बसून दबलेलं आपलं जाड पुस्तक वर धरलं आणि म्हणाले, "ह्यातला थोरला भाव चुकला. कुनाला पटत नसंल त्यानं म्होरं यावं."

तीन जण पुढे आले. पाठोपाठ इरफान भुतांसाठी भांडायला लागला. बसमधले ते तिघे, ज्यांना ग्रंथालय माहीत नव्हतं, ते कार्ड काढायचा फॉर्म मागत होते. साहेब मधे बसून सगळ्यांचं ऐकत होते, एकदा तर आबांना म्हणाले, "नाही हो, त्याचंही बरोबर होतं," आणि आबा त्यांच्याच अंगावर धावून गेले. दोन तास कसे गेले कळलं नाही.

निघताना साहेबांनी फाइल उघडली आणि टेबलावरच शेरा लिहिला. मॅडमनी वाचला, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं. फाइल माझ्याकडे सरकवली.

"वाचकांचे प्रतिनिधी म्हणून खाली सही करा, घोडके."

मी पेन घेतलं. सवयीने हात खाली सहीच्या जागेवर गेला. मग थांबलो. चष्मा काढला, पुसला, परत लावला. ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. पान उलटून मागची बाजूसुद्धा बघितली.

साहेबांनी लिहिलं होतं: "गुरुवारी वाचक मोठ्या संख्येने येतात, सबब गुरुवार चालू ठेवावा. मात्र आलेले वाचक वाचतातच, अशी खात्री देता येत नाही."

केली सही. काय करणार? चूक काढायला जागाच नव्हती.