भाऊसोंचं इंग्रजी कौतुक

तालमीच्या कट्ट्यावर भाऊसो त्या सकाळी छाती काढून बसले होते. त्यांची सून साक्षी फोनवर मैत्रिणीला म्हणाली होती, "आमचे मामंजी फार स्टिंजी आहेत." इंग्रजीत म्हणाली म्हणजे कौतुकच, असं त्यांनी धरलं.

"मी स्टिंजी हाय, सून म्हणत्या!" त्यांनी सगळ्यांना ऐकवलं.

निवृत्त धम्मपाल मास्तर खो खो हसले. "भाऊसो, स्टिंजी म्हंजे चिक्कट!"

भाऊसोंना दोनदा उकळलेली चहापत्ती आठवली आणि त्यांनाही हसू आवरेना. "मराठीत आख्खी पेठ म्हणत्या, आता इंग्रजीतबी नाव झालं की!" म्हणत त्यांनी कट्ट्याला चहा पाजला.

घरी येऊन सुनेला म्हणाले, "पोरी, पुढच्या येळंला मराठीत बोल. इंग्रजी लई म्हागात पडतंय."