थेआलं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आमच्या पोंभुर्ण्याकडे एक शब्द आहे – थेआलं. एखादं माणूस ना धड बाई, ना धड बाप्या वाटलं की पोरं मागून ओरडतात. शब्द कुठून आला, हे कोणी विचारत नाही. मला माहीत आहे.

मोहफुलं विकत घेण्याच्या केंद्रावर मी फुलं निवडायचे. तिथं वजनकाट्यावर मंगल कामाला आले. वीस-बावीसचे. चौथ्या-पाचव्या दिवशी, फुलं वाळत घालताना, हळूच म्हणाले, "ताई, मले तो नका म्हणू, ती बी नका म्हणू. ते म्हणा. ते आले, ते गेले – असं. चालन ना?"

"चालन ना," मी म्हटलं. काय जात होतं माझं? मोठ्या माणसांना आपण तसंच तर म्हणतो.

दुसऱ्या दिवशी चहाला सगळे बसलेले. समोरून मंगल येत होते. आणि मी – हो, मीच – म्हणाले, "पाहा, थे आलं." 'ते'ला आम्ही थे म्हणतो. पण आले नाही म्हटलं. आलं म्हटलं. वासरू येतं, तसं. सगळे खो खो हसले. मला बरं वाटलं. तिथं माझ्या बोलण्यावर तोवर कोणी – नको, ते राहू दे.

आठवड्यात शब्द गावभर झाला. बाजारात, बसथांब्यावर. एकदा मंगलनी मला विचारलं, "ताई, हे कोणं काढलं असन?" त्यांना संशय होता का? नाही. डोळ्यांत नुसतं पाणी होतं.

"मले काय माहीत? पोट्टे असतीन. दटावीन त्याईले."

कोणाला दटावणार होते मी?

पावसाळा लागला आणि मंगल काम सोडून नागपूरला गेले. महिन्याभरानं त्यांची आई माझ्या दारात. पिशवीत वास्ते – बांबूचे कोवळे कोंब, सोलून, चिरून आणलेले. म्हणाली, "मंगलनं सांगतलं, सगळे चिडवत, पण ताईनं कधी नाव नाई ठेवलं. तुमच्यासाठी आणले जी."

तेव्हा सांगता आलं असतं. दारात आम्ही दोघीच होतो.

मी वास्ते घेतले. तिला चहा दिला. संध्याकाळी भाजी केली. चांगली झाली होती. मी दोनदा वाढून घेतली.