आबांचा खोकला

आमच्या सावद्याकडे एक रीत होती. आपलं पोर वडीलधाऱ्यांसमोर उचलायचं नाही. भावाचं उचला, शेजाऱ्याचं उचला, बकरीचं उचला, कोणी काही म्हणणार नाही. पण आपलंच पोर बापासमोर मांडीवर घेतलं की माणूस निर्लज्ज. मला हे कोणी बसवून शिकवलं नाही. मोठ्या भावाला पाहून शिकलो. शाळेत काही डोक्यात शिरलं नाही, पण हे एकदम पक्कं बसलं.

म्हणून मोठ्या भावाची दोन्ही पोरं माझ्या अंगावर वाढली. त्यांनी ओला केला नाही असा माझा सदरा नव्हता. पुढे मला मुलगी झाली आणि ती भावाच्या खांद्यावर गेली. फिटंफाट.

ती चालायला शिकली तेव्हाची गोष्ट. मी अंगणात बैलाला पाणी पाजत होतो. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ओट्यावर बसलेले. पोरगी खाटेचा पाय सोडून माझ्याकडे निघाली. एक पाऊल टाकलं, डुलली, दुसरं टाकलं. दोन्ही हात वर. माझेही हात पुढं झाले. तेवढ्यात आबा खोकलले. ते खोकलले की मी समजायचो, मला इशारा आहे. निघालेले हात आता परत कसे न्यायचे? मी ते बैलाच्या गळ्यात घातले. पोरगी धप्पकन खाली बसली. मोठ्या भावानं पळत येऊन तिला उचललं. बैल माझ्याकडं असा पाहत होता, की याला आज झालं काय!

बोलायला लागली तशी ती मोठ्या भावाला बापू म्हणू लागली, कारण त्याची पोरं म्हणायची. मला काय म्हणायचं ते कोणी सांगितलंच नाही. आबा मला हाक मारायचे, "ओ शहाण्या!" तिनं तेच धरलं. "शहाण्या, जेवायले चाल!" अख्ख्या गावात मला मनापासून शहाणा म्हणणारी ती एकटीच.

मळ्यात मात्र राज्य माझं. घरवाली भाकरी घेऊन यायची, सोबत पोरगी. केळीच्या बागेत शिरली की ती थेट माझ्या खांद्यावर. घड वाहून वाहून खांदा तयारच होता. एकदा केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं पाहून तिनं विचारलं, "हे केळीचे पोरं हायेत का?"

"हो."

"मंग ही त्यायची माय. अन् बाप कुठी गेला?"

मी म्हटलं, "त्याचे आबा ओट्यावर बसले असतीन."

मी पोट धरून हसलो. घरवाली हसली नाही.

परत येताना गावाजवळच्या चिंचेखाली मी पोरीला खाली उतरवायचो. तिथून आमचा ओटा दिसायचा. एक दिवस ती अडून बसली.

"रोज इथंच काबरं उतरवतो?"

"इथून पुढं माझा खांदा दुखते."

ते तिनं खरं मानलं. घरी आल्यावर वाटीत तेल घेऊन आली, आणि सगळ्यांसमोर माझा खांदा चोळत बसली. आबा खोकलले. मी म्हटलं, "जाय, तुझ्या बापूजवळ जाय." ती वाटी उचलून गेली.

ती शाळेत जायला लागली त्या वर्षी धाकटा भाऊ आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, घरी आला. तो जळगावात नोकरीला, पिंप्राळ्याच्या कॉलनीत राहायचा. स्कूटरवर पुढं त्याचा पोरगा उभा. उतरला तो त्याला कडेवर घेऊनच, आणि तसाच आबांच्या शेजारी जाऊन बसला. मांडीवर पोरगा. सांजोरी कुस्करून त्याला भरवली, रुमालानं तोंड पुसलं, वरून गालाचा मुका घेतला. आबांसमोर! मी खोकल्याची वाट पाहत राहिलो. आबा हसले आणि नातवाला पाय ठेवायला जागा करून दिली.

मला राहवलं नाही.

"आबा, याले काही म्हनत नाही तुम्ही?"

"काय म्हनू?"

"आपलं पोर घेऊन बसला ना तुमच्यासमोर!"

"बसू दे. त्याचंच हाये ना? का शेजाऱ्याचं आनलं?"

"मंग मले काबरं खोकलत होते?"

आबांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "अरे शहाण्या, तंबाखूनं खोकला येते मले."

सगळे हसले. कुठंही हसणारा मी, त्या दिवशी मला हसता आलं नाही. आबा पुढं म्हणाले, "तुले कोन नाही म्हने? मले तर वाटे, पोरगी झाली म्हनून तू तोंड फिरवते."

मी घरवालीकडं पाहिलं, की ही तरी बोलेल. मळ्यातलं तिनं सगळं पाहिलेलं होतं. ती चुलीतलं लाकूड सारत म्हणाली, "मलेबी तसंच वाटे. इथं लाजते, तिथं नाही लाजत. लाज पोरीचीच असीन."

एवढ्या वर्षांत एकानंही विचारू नये? आबांनी नाही, मोठ्या भावानं नाही, हिनं नाही. मी ज्यांच्यासाठी हात मागं घेतले, त्या सगळ्यांनी मला पोरीचा वैरी मानलं होतं, आणि मला रोज ताटात भाकरीही वाढली होती.

मी उठलो. पोरगी दाराशी सागरगोटे खेळत होती. सगळ्यांदेखत दोन्ही बगलांत हात घालून तिला उचललं. चांगली जड झाली होती. ती अंग चोरून आक्रसली, ओट्याकडं पाहिलं, आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "शहाण्या, खाली ठेव. इथं नको, आबा हायेत. मळ्यात उचलजो."

मी तिला खाली ठेवलं. फ्रॉक झटकून ती पुन्हा सागरगोट्यांकडं वळली.

ओट्यावर आबा खोकलले. तंबाखूच असेल.