पायलने तेलंगणाच्या शाळेला विचारलं

मित्रांनो, आज शाळेतून जड मनाने घरी आले.

मी आसगावजवळच्या शाळेत चौथीला शिकवते. आज आमच्या मुलांनी तेलंगणातल्या एका वर्गाशी व्हिडिओ कॉलवर गप्पा मारल्या. तिकडच्यांनी गाणं म्हटलं, आमच्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात माझ्या वर्गातली पायल उठली. तिची आई मिरची तोडायला तेलंगणात गेली, तेव्हापासून तिचा फोन नाही.

"सर, माही आई तुमच्या गावाले आली का? तिले सांगजा, मी वाट पाहून राहिली."

मी ते तिकडच्या सरांना हिंदीत सांगितलं. सरांनी आई कामाला गेली त्या गावाचं नाव विचारलं. पायलला ते माहीत नव्हतं.

नंतर तिने विचारलं, "मॅडम, उद्या दुसऱ्या शाळेले फोन लावाल?"

मी हो म्हणून बसले. तुम्ही काय सांगितलं असतं?